वैशालीची छत्री

२ एप्रिल

छत्री आज उघडली नाही. सकाळी टँकचे दिवे लागले, दोन्ही मासे वर येऊन तोंड वासून उभे राहिले, खाऊन झालं, आणि ही आपली मिटलेली. दुपारी पाहिलं, तशीच.

छत्री हे नाव वै.नं ठेवलेलं. दुकानात हिला टोडस्टूल म्हणतात, म्हणजे बेडकाचं स्टूल. वैशाली म्हणाली होती, असलं नाव माझ्या घरात चालणार नाही. बोटाएवढा तुकडा आणला होता तिनं आणि आमच्या लेकीनं, सायलीनं, वाशीहून. आता चांगली ताटलीएवढी झालीय. उघडली की वरून सगळीकडे बारीक बारीक फुलं, पाण्यात डुलणारी. प्रवाळ म्हणजे दगड नाही हो, जनावर आहे, हे वै.नं मला कितीदा सांगितलं असेल. मला ते पटायला ती जावी लागली.

रुसली असेल. मधूनमधून रुसते, अंगावर मेणासारखी साय धरते, मग ती टाकून पुन्हा उघडते. पूर्वीही झालंय.

सा.ला कळवलं नाही. बंगलोरहून ती काय करणार.


५ एप्रिल

अजून मिटलेली. त्यात उकाडा. दुपारी लाइट गेली ती गेलीच. इन्व्हर्टरवर टँकचा पंप चालू ठेवला आणि मी आणि बाबा पंख्याशिवाय बसलो. बाबांनी बनियन काढून वारा घ्यायला सुरुवात केली. म्हणाले, "मानसांना वारा नाय न् माशांना वारा." खोटं नाही.

बर्फाची बाटली पाण्यात सोडली. तापमान उतरलं, छत्री नाही उघडली. वाशीच्या सलीमला फोन केला, टँकचं सगळं सामान वै. त्याच्याकडूनच घ्यायची. तो हसला. "अंकल, लेदर कोरल है, ड्रामा करता है. गर्मी आहे ना. थोडं पानी चेंज करा, बाकी टेन्शन नको."


६ एप्रिल

पा.ब. केला. (पाणी बदल. वै.ची सवय, मलाही लागली.) टबात फिल्टरचं पाणी, त्यात निळ्या डब्यातलं मीठ, ढवळायला छोटा पंप, मग काटा टाकून खारटपणा बघायचा. काटा बरोबर हिरव्या पट्ट्यात. टबाच्या तळाशी जरा तपकिरी गाळ बसला होता. फिल्टर बदलायला झाला असणार, माणूस बोलवायला हवा.

निळ्या डब्यात मात्र अजून भरपूर मीठ आहे. मला वाटलं होतं संपत आलं. वै.नं जाता जाता पुढच्या सालाची सोय करून ठेवली म्हणायची.

तो डबा पहिल्यांदा घरात आला तेव्हाचं आठवलं. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. जन्म मिठागरात गेलेला माणूस, आणि सुनेनं मीठ विकत आणलं, तेही परदेशी, झाकणाच्या डब्यातून. "समुद्राचे काठाला र्‍हावाचा न् समुद्र इकत आनाचा!" वै. पण कमी नाही. म्हणाली, मामंजी, तुमचं मीठ माणसांचं, हे माशांचं. तुमचं उगाच माशांना कशाला घालू, महाग पडेल. बाबांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. तेव्हापासून ते डब्याला "सुनबाईचा मीठ" म्हणायला लागले. तिच्या मागेही तेच म्हणतात.


१२ एप्रिल

सुधारणा नाही. कड खालच्या बाजूनं राखाडी झालीय. मान टाकल्यासारखी एका अंगाला कलली.

संध्याकाळी सा.चा व्हिडिओ कॉल. "पप्पा, छत्री दाखवा ना." मी फोन माशांवर धरला, मग म्हटलं रेंज जातेय. नंतर दिवाळीत काढलेला व्हिडिओ पाठवून दिला. तिचा मेसेज आला, केवढी छान उघडलीय! आणि खाली, "वर्षश्राद्धाला येतेय तोवर सांभाळा हं. बाकी काही नको मला."

फोन उलटा करून ठेवला.

अलिबागला दवाखान्यात वै. रोज विचारायची, छत्री उघडली का. मी सकाळी निघताना फोनवर काढून न्यायचो. पुढे पुढे तिला फोनकडे बघवेना, तेव्हा नुसतं सांगायचो. अगदी शेवटी विचारणंही थांबलं. मी आपणहून कानाशी जाऊन सांगायचो, उघडली गं. आणि ती खरंच उघडलेली असायची. तेवढं एक त्या घरात धड चाललं होतं.


१८ एप्रिल

टँकमधल्या दोन शंखगोगलगाई मेल्या. हातानं काढल्या, वास.

सलीम म्हणतो, मग मोठा पा.ब. करा. केला. काटा ठीक. तापमान ठीक. मासे खातात. मग हिलाच काय धाड भरलीय?

मालवाहतुकीच्या गाड्यांकडे लक्ष नाही माझं. ट्रेलर वडखळला बंद पडला होता, ड्रायव्हरनं चार फोन केले, मी टबात हात घालून बसलेलो. म्हणाला, शेठ, तुम्ही कुठं असता हल्ली.


१९ एप्रिल

हे दिवस बाबांचे. होळीपासून पावसापर्यंत मिठागर भरात असायचं. पहाटे उतरायचे, ऊन चढलं की अंगावर मीठ फुटायचं. टाचांच्या भेगांत शिरलेलं मीठ आईनं कोमट पाण्यानं काढलेलं मी पाहिलंय. मग बांध फुटला, तो कोणी बांधला नाही, भरतीचं पाणी आत येत राहिलं. आता तिथं तिवरं वाढलीत माणसाच्या वर. शेवटच्या सालच्या मिठातलं एक पोतं बाबांनी पडवीत फळीवर ठेवलंय. घरातलं खाणं त्याच्यावरच.

स्वयंपाकघरातली मिठाची बरणी भरायचं काम त्यांचं. दुसऱ्या कोणी करायचं नाही. बरणीचा तळ दिसू द्यायचा नाही, आणि मीठ संपलं हा शब्द घरात काढायचा नाही. वै. नवीन लग्न होऊन आली तेव्हा एकदा बोलून गेली, आईनं तिला देवापुढे नेऊन हात जोडायला लावले होते. ताटात सगळ्यात आधी मीठ वाढायचं, डाव्या कोपऱ्यात. मग बाकीचं.

आज बाबा टँकपुढे खुर्ची घेऊन बसले होते. बराच वेळ. मी विचारलं काय बघता. म्हणाले, "ती गेल्यावर पन उगरत व्हती ना रं ही? मंग आताच काय झाला?"

उघडत होती खरी. मी पुन्हा काटा टाकून पाहिला.


२६ एप्रिल

निम्मं पाणी बदललं. आजवरचा सगळ्यात मोठा पा.ब. कंबर धरली.

संध्याकाळी पाहिलं तर छत्री आणखी मिटून मुठीएवढी झालेली, आणि बुंध्याशी काळा डाग. मी टँकपुढे जमिनीवर बसलो आणि रडलो. वै. गेली तेव्हा माणसं होती, जेवणाचं बघायचं होतं, सा. होती. तेव्हा एवढा रडलो नव्हतो. बाबा पडवीत होते. ऐकलं असणार. खोकले.


३० एप्रिल

काय लिहू.

सलीमनं पाणी तपासायची बाटली पाठवली होती, आमचाच टेंपो वाशीहून येत होता त्यातून. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बदलेल तेव्हा थांबायचं. नळीतला रंग तिसऱ्या थेंबालाच बदलला, चांगल्या पाण्याला याच्या कितीतरी पट थेंब लागतात. फोन केला. तो म्हणाला, परत करा. परत तेच.

"अंकल, मीठ कौनसा वापरताय?"

म्हटलं तेच, निळ्या डब्यातलं.

सलीम म्हणाला, "वो डब्बा? वो तो मॅडमनी खुद नेलेला. इतने महिने? वो कबका खतम होना चाहिए था, अंकल."

मी फोन कानाला धरूनच मागच्या पडवीत गेलो. तिथं डबा ठेवलेला असतो.

बाबा पाट्यासमोर बसले होते. पोत्यातलं जाडं मीठ वरवंट्यानं वाटत होते. बारीक, अगदी पिठीसारखं. वाटून झालेलं ओंजळीनं निळ्या डब्यात टाकत होते. पोतं भिंतीला टेकवलेलं, रिकामं, घडी पडलेलं.

मला बघून म्हणाले, "डबा खाली व्हत आलेला. सुनबाईचा मीठ हाय, सपू कसा द्यावाचा?" आणि डबा माझ्याकडे सरकवून, "तिचे मिठासारका बारीक केला. बग, कलाचा पन नाय."

मला खरंच कळलं नव्हतं.

सलीम फोनवर ओरडत होता, हॅलो हॅलो. मग त्यानं सांगितलं ते असं, की प्रवाळाला नुसता खारटपणा पुरत नाही. चुना लागतो, आणखी दहा गोष्टी लागतात, त्या सगळ्या त्या डब्यातल्या मिठात असतात. "ये खाने का नमक है. काटा तर बरोबरच दाखवणार ना. पानी खारा है, पण उपाशी आहे."

म्हणजे जितकं पाणी मी बदलत गेलो तितकी ती मरत गेली. जेवढी जास्त काळजी, तेवढं जास्त मीठ.

मी ओरडलो. "बाबा, काय केलास ह्या तू! एक गेली ती कमी परली क? जा काय उरलेला ता पन मारलास!" वै.नं इतक्या वर्षांत घरात शुद्ध बोलायची सवय लावली होती, ती उडत गेली. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

बाबांनी वरवंटा पाट्यावर नीट ठेवला. म्हणाले, "आपला मीठ वाईट हाय क?"

मी आत आलो.


१ मे

बाबा बोलत नाहीत. मीही नाही.

जेवायला वाढलं. नेहमीप्रमाणे आधी मीठ. त्यांनी ते बोटानं ताटाबाहेर सारलं, जमिनीवर, आणि भाजी बाजूला ठेवून नुसता भात पाण्याशी खाल्ला. अळणी.


३ मे

आजही तेच. भाजी, आमटी, ज्यात मीठ पडलंय त्याला हात लावत नाहीत. भात, दूध, केळं. मी म्हटलं ब्लडप्रेशर लो होईल. ऐकू आलं नाही असं दाखवलं. कान माझ्यापेक्षा चांगले आहेत त्यांचे.

मला राग येतोय आणि त्या रागाचीच लाज वाटते. ज्या माणसानं आपल्या शेवटच्या पोत्यातलं मीठ सुनेच्या माशांसाठी वाटलं, स्वतःच्या बरणीत भर घालायची सोडून, त्याच्यावर मी ओरडलो. आणि तरी छत्रीकडे बघितलं की पुन्हा चिडतो. दोन्ही खरं.


५ मे

नवं मीठ आलं. सलीमनं बजावलंय, घाई नको, थोडं थोडं. दीड महिन्याचं उपाशी जनावर, एकदम पोटभर घातलंत तर तेही मारेल. रोज थोडा पा.ब. टबाच्या तळाशी गाळ नाही आता. तो गाळ फिल्टरचा नव्हता, आमच्या खाडीचा होता.

निळा डबा तसाच पडवीत. त्यात दोन्ही मिसळलेलं, वै.चं आणि बाबांचं. खायलाही नाही चालत, टँकलाही नाही.


९ मे

बुंधा काळा पडून लिबलिबीत झाला. टँकचं झाकण उघडलं की कुजल्याचा वास. फोटो पाठवला. सलीमनं लगेच फोन केला, आवाजात हसू नव्हतं. "अंकल, अब काटना पडेगा. नीचे का गया. वरचा जो भाग चांगला वाटतो तो कापून अलग करा, दगडाला बांधा. लागला तर लागला. नाही केलं तर सगळंच सडेल, और मछली भी जाएगी."

विचारलं, किती चान्स आहे? तो म्हणाला, मॅडम होती तर तिने कालच कापला असता.

खरंय. ती माझ्यासारखी बघत बसली नसती.


१० मे

कापली.

सगळं मांडलं, नवं ब्लेड, परातभर टँकचं पाणी, दगडाचे तुकडे, मच्छरदाणीची जुनी जाळी, दोरा. छत्री बाहेर काढून परातीत ठेवली. हातात धरली तर ओल्या चामड्यासारखी, थंड. ब्लेड टेकवलं आणि कापवेना.  सोडलं, परत धरलं, परत तेच.

बाबा कधी येऊन समोर बसले कळलं नाही. काही न बोलता त्यांनी दोन्ही हातांनी ती धरली, घट्ट पण दाबली नाही. भेगा पडलेले जाड तळवे, त्यात ती करडी मूठ. म्हणाले, "काप." तीस तारखेनंतरचा पहिला शब्द.

मी कापली. वरची कड चांगली होती, आतून पांढरी. तिचे तुकडे झाले. काळा भाग वेगळा केला. बाबांनी एकेक तुकडा दगडावर धरायचा, मी जाळी गुंडाळून दोरा बांधायचा. एका ठिकाणी मी करकचून आवळला तर म्हणाले, "फास लावतंस क तिला? सैल कर." सैल केला.

तुकडे पाण्यात ठेवल्यावर त्यांनी हात धुतले नाहीत, तसेच धरून बसले. मग विचारलं, "दुखला असंल क तिला?"

म्हटलं, माहीत नाही बाबा.

मला त्याच वेळी बोलायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. परात उचलली आणि बाहेर नेली.

रात्री जेवताना पुन्हा दूधभात.


१५ मे

एक तुकडा गेला. जाळीत नुसता चिखल उरला. बाकीचे आहेत, मिटलेले, राखाडी. जिवंत की मेलेले सांगता येत नाही. सलीम म्हणतो हात लावू नका, जाळी काढू नका, कापल्यापासून दोन आठवडे तरी. दगडाला धरलं असेल तर तेव्हा कळेल. धरलं नसेल तर जाळी सोडताच सुटून येईल.

बाबा अशक्त दिसतात. उठताना दाराची चौकट धरतात. डॉक्टरला घरी बोलावलं, ते म्हणाले मीठ बंद का केलंय, यांना काही त्रास नाही. बाबा म्हणाले, आवरत नाय, म्हणजे आवडत नाही. 


१९ मे

सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, गारी कार, म्हणजे गाडी काढ. आणि निळा डबा उचलून माझ्यासमोर ठेवला.

स्कूटरवर डबा पुढे, बाबा मागे. मिठागराच्या बांधापर्यंत रस्ता आता उरलेला नाही, शेवटचं चालत गेलो. मी डबा धरला, त्यांनी माझा खांदा. बांध जिथं फुटला तिथं भरतीचं पाणी आत चढत होतं. त्यांनी झाकण उघडलं, ओंजळ भरली, पाण्यात सोडली. मग पुन्हा. मी डबा एकदम उलटा करायला गेलो तर हात धरला. सगळं ओंजळीनंच सोडलं. शेवटी डबा खळबळून तेही पाणी आत ओतलं.

"सुनबाईचा पन गेला त्यान," ते म्हणाले.

मी तेव्हा बोललो. बाबा, त्या दिवशी मी जे बोललो ते चूक होतं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून कळलं नाही. परत येताना बांधावर दोनदा थांबावं लागलं.

अळणी चालूच.


२३ मे

सा. आली. परवा वर्षश्राद्ध.

बॅग दारात टाकून सरळ टँकपुढे. मी मागे उभा. टँकमध्ये दोन मासे आणि दगडांवर जाळीच्या पुरचुंड्या. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा, छत्री?"

बाबा खुर्चीत होते. हातांवर जोर देऊन उठायला लागले, आणि मला कळलं ते काय बोलणार आहेत. "पोरी, ती मी..."

मी मध्येच म्हटलं, मीठ चुकीचं पडलं माझ्याकडून. डबा संपला तो मी बघितला नाही. दुसरंच घातलं.

खोटं फार नाही त्यात. घातलं मीच.

 दिवाळीचा व्हिडिओ सा.च्या लक्षात आला असणार, कारण ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. बाबा अर्धवट उठलेले तसेच उभे होते, माझ्याकडे बघत. मग बसले.

जेवायला तिनंच वाढलं. तिला यातलं काही ठाऊक नाही. आईनं शिकवलेलं तेवढं माहीत, आधी मीठ. बरणीत हात घालून म्हणाली, "आजोबा, बरणी तळाला लागलीय हो!" आणि जीभ चावली. चिमूटभर बाबांच्या ताटात, डाव्या कोपऱ्यात. ते त्या मिठाकडे बघत राहिले. त्यांच्या हातचं, शेवटचं. मी माझा घास हातातच धरून बसलो होतो.

त्यांनी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. मग आमटी ओढली.

सा. विचारत होती, जाळी कधी काढायची. म्हटलं, सलीमनं सांगितलेले दिवस होत आलेत, उद्याही चालेल, आजही चालेल. ती म्हणाली मग जेवून काढू या.

जेवण झालं, ताटं उचलली, ओटा पुसून झाला. तिघंही टँकपुढे येऊन बसलो. जाळी काढायला कोणीच उठलं नाही.